बारांवने दाखवलेली विहीर

मोरजीच्या कायतानने मला फसवले. कुत्रा विकून फसवले. आणि फसवले तेही त्याने सांगितलेल्या भावात नव्हे, मी दुपारभर भांडून पाडलेल्या भावात!

हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या वाड्यावर ही गोष्ट उलटी सांगितली जाते. तिथे म्हणतात, दत्ताशेटला दत्ताशेटनेच फसवले. म्हणोत. त्यातल्या निम्म्या लोकांच्या ट्रकांना माझ्याकडचेच जुने गिअरबॉक्स बसवलेले आहेत. त्यांची लायकी मला ठाऊक आहे. (गिअरबॉक्सचीही.)

शिरगावच्या बाजूला, खाणीच्या रस्त्यालगत, माझा जुन्या ट्रकांच्या सुट्या भागांचा धंदा. दोडामार्गाकडून आलो तेव्हा एका ट्रकवर क्लीनर होतो आणि त्याच ट्रकखाली झोपत होतो. गोवा राज्य झाले तोवर माझे स्वतःचे चिऱ्यांचे घर होते, मागे पत्र्याची शेड होती आणि परसात विहीर होती. विहीर महत्त्वाची. जागा घेताना जुना मालक मला घराच्या लाकडाचे कौतुक सांगत होता आणि मी विहिरीत खडा टाकून कान लावला होता. डुबुक्! असा गोल, भरलेला आवाज. त्या आवाजावर मी जागा घेतली. लाकडाला वाळवी होती, ते नंतर कळले, पण विहिरीने कधी दगा दिला नव्हता.

पुढच्या वर्षी शेडमधून स्प्रिंगच्या पाट्या आणि बॅटऱ्या जायला लागल्या. कोणीतरी म्हणाले, मोरजीला कायतान नावाचा म्हातारा शिकारी आहे, त्याला त्याचा कुत्रा विकायचा आहे. शिकार कायद्याने बंद झालेली, कायतानचे गुडघे देवाने बंद केलेले. मी ट्रक काढला आणि गेलो.

कुत्रा बघून मी चाट पडलो. पॉइंटर जातीचा. पांढराशुभ्र, कानांवर आणि पाठीवर तपकिरी ठिपके, उंची माझ्या कमरेपर्यंत, शेपटी वेताच्या छडीसारखी. नाव बारांव. पोर्तुगिजांच्या काळात मोठ्या जमीनदाराला असे म्हणत म्हणे. बसलाही होता तसाच, घर त्याचे आणि कायतान त्याचा कारकून असल्यासारखा.

"पात्रांव," मला मालक करून कायतान म्हणाला, "कुत्रो बरो. पूण ताका काम जाय."

"काम पुष्कळ आहे. चोर आहेत."

"आयक मरे. हो बडबडो न्हय. भुंकचो ना. कितें मेळ्ळें जाल्यार थंयच उबो रावता. हालचो ना."

"उभा राहतो ना? मग झालं! मोल सांग."

आता इथे शहाण्या माणसाने विचारायला हवे होते की काय मिळाले तर उभा राहतो. पण समोर माल असताना मला भावाखेरीज काही ऐकू येत नाही. त्या दिवसांत गोव्यात भाषेवरून माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. कायतान कोकणीवाला, मी मराठीवाला. पण भाव करताना दोघांची भाषा एकच निघाली आणि तिच्यात शिव्या जास्त होत्या. शेवटी त्याने हात टेकले. मी वर साखळी आणि ॲल्युमिनियमचे मोठे वाडगे फुकट मागून घेतले. वाडग्याच्या बुडाला भोक होते. ते घरी आल्यावर दिसले.

"ह्यो कुत्रो आणलात की वासरू?" दारातच माझी बायको शालिनी म्हणाली.

"राखणदार आहे तो!"

"मगे बाहेर राखांदे. सोफ्यावर कित्याक चढलो?"

राखणीचे सांगतो. आठवड्याच्या आत आणखी एक बॅटरी गेली. सकाळी शेडबाहेरच्या लाल धुळीत दोन माणसांच्या पावलांचे ठसे होते, आणि त्यांच्या मधोमध बारांवचे. शेडपासून थेट रस्त्यापर्यंत! पाहुण्यांना पोचवायला गेला होता. मी ओरडलो तर त्याने माझा हात चाटला.

बरे, फुकट राहिला असता तर एक वेळ सोसले असते. पण ह्या जातीच्या कुत्र्याला पाळावे लागत नाही, पोसावे लागते. सकाळी पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलवरून उंडे घेऊन आला की आमचे घरातले चार आणि बारांवचे सहा. त्याला रोज पळवायला हवे, नाहीतर तो घर पळवतो. (एकदा शालिनीची उशी त्याने रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली.) कान लोंबते, म्हणून कानांत घाण, म्हणून कानांत औषध. औषध घालताना दोघे लागत, एक त्याला धरायला आणि एक मला धरायला. गोचिडी काढता काढता माझी बोटे आखडली. आणि रंग! आमच्याकडे खाणीची धूळ अशी की पांढरे धोतर दोरीवर वाळेपर्यंत भगवे होते. पांढरा कुत्रा पंधरा दिवसांत विटेच्या रंगाचा झाला. गिऱ्हाईक विचारी, "शेट, हो खंयच्या जातीचो?" मी सांगे, "खाणीच्या."

धुवायला काहीच हरकत नव्हती. पाणी नव्हते.

खरे दुखणे ते होते. आमच्या घरामागच्या टेकडीपलीकडे खाणीचा खड्डा. तो वर्षागणिक खाली जात होता आणि त्याच्या तळाशी येणारे पाणी उपसायला दिवसरात्र पंप चालत. उपसलेले लाल पाणी नाल्यात सोडून देत. तिकडे खड्डा जितका खाली जाई, तितका इकडे माझ्या विहिरीचा दोर लांबवावा लागे. पहिल्यांदा एक वाव जोडला, मग आणखी एक. मी खडा टाकून बघितला. डुबुक् नाही, "टप्" असा आवाज आला. पुढे नुसता "टक्".

आणि ह्या अशा घरात बारांव! ऊन वाढले तशी त्याची तहानही वाढली. अर्धी बालदी तो प्यायचा, पाव बालदी लोंबत्या ओठांतून सांडायची आणि उरलेली पाव बालदी कायतानच्या वाडग्याच्या भोकातून जायची. शालिनी डोंगराखालच्या झरीवरून डोक्यावर पाणी आणत होती. एक हंडा उतरला की बारांव शेपटी हलवत पुढे.

"मी जन्मभर तुमची तहान भागयली," ती एकदा हंडा आपटून म्हणाली. "आता कुत्र्याची भागयतंय. उद्या ट्रकाक पाणी पाजूक सांगात!"

 ट्रकाच्या रेडिएटरला पाणी लागतेच, ते मी त्याच दिवशी सांगणार होतो.

मग चैत्र सरता सरता विहिरीतून बालदीत चिखल आला. शालिनीने तो बघितला, बालदी तशीच काठावर ठेवली आणि म्हणाली, "पावसापर्यंत पाणी झाला नाय तर मी माहेराक पेडण्याक जातंय. थंय विहीर आसा." ती रागाने म्हणाली असती तर मी घाबरलो नसतो. माझे आणि तिचे लग्न आरडाओरडीवर व्यवस्थित चाललेले होते. ती हळू आवाजात म्हणाली.

त्याच आठवड्यात बारांव उभा राहिला.

परसाच्या खालच्या कोपऱ्यात, टेकडीच्या पायाशी, करवंदीची दाट जाळी होती. त्या जाळीसमोर तो थांबला. नाक पुढे, शेपटी मागे ताठ, पुढचा उजवा पाय गुडघ्यात वाकवून वर उचललेला. हाक मारली, हालला नाही. उंडा दाखवला, हालला नाही! शालिनीला वाटले काटा रुतला. मी पंजा तपासला, काटा नव्हता. मी उचललेला पाय खाली ठेवला, त्याने परत वर केला. दुसऱ्या दिवशी तिथेच. तिसऱ्या दिवशी तिथेच.

हे बघायला पुरसो आला. पुरसो आमच्या वाड्यावरचा पाणाडी. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो जमिनीवरून चालतो, आणि जिथे नारळ उभा राहतो तिथे पाणी. निदान पूर्वी असायचे. त्या दोन वर्षांत त्याने दाखवलेल्या जागा कोरड्या निघाल्या होत्या आणि लोक त्याला लग्नाच्या जेवणालाही बोलावीनासे झाले होते. पुरसोने बारांवकडे बघितले, डोळे मोठे केले आणि हळूच नारळ काढला. जाळीपाशी नारळ उभा राहिला. (त्या दिवशी पुरसोच्या तळहातावर विटेचा तुकडा आडवा ठेवला असता तरी तोही उभा राहिला असता, असे मला आता वाटते.)

"दत्ताशेट!" तो कुजबुजला. "तुजो कुत्रो उदक दाखयता!"

आणि माझ्या डोक्यात कायतानचे शब्द वाजले. कितें मेळ्ळें जाल्यार थंयच उबो रावता! म्हातारा सांगत होता ते हे! एवढा गुणाचा कुत्रा आणि मी अर्ध्या भावात आणला! त्या क्षणी मला कायतानची दया आली.

"पुरसो, कुत्र्याने आधी दाखवलं," मी म्हणालो. "तू फक्त शिक्का मारलास. दक्षिणा अर्धी."

दुसऱ्या दिवशी जाळीसमोर नारळ फोडला. बायकांनी बारांवला कुंकू लावले. तो हालला नाही. मात्र नारळाची भकले सगळी त्याने खाल्ली, त्यामुळे देवाने प्रसाद घेतला असे सर्वांचे मत पडले. संध्याकाळपर्यंत वाड्यावर बातमी. प्रत्येकाची विहीर आटलेली, प्रत्येकाला कुत्रा हवा! मी धंद्याचा माणूस. म्हटले, कुत्रा नेतो, पण रोकड नको. ज्याच्या घरी पाणी दाखवेल, त्या घरच्या माणसांनी माझी विहीर खणायला यायचे. सौदा ठरला. पुरसोच्या बहिणीच्या परसात बारांव कोंबड्यांच्या खुराड्यासमोर ताठ उभा राहिला. पुरसोने डोळे मिटून मान डोलावली. बिचाऱ्यांनी खुराडा हलवला आणि कोंबड्या जिथे झोपत होत्या तिथे खणायला सुरुवात केली. बारांव लगेच हलवलेल्या खुराड्यापुढे जाऊन उभा राहिला. "दुसरो झरो!" पुरसो म्हणाला.

माझ्याकडे खणायला मुख्य गडी बेळगावकडचा इराप्पा. आठवडाभर तो खाणीत, सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे. पहिल्याच दिवशी त्याने करवंदीच्या जाळीवर कोयता चालवला, आणि फडफड फडफड करून आतून एक रानकोंबडी उडाली! ती आमच्या डोक्यांवरून टेकडीकडे गेली. जाळीच्या बुडाशी पालापाचोळ्यात तिची अंडी होती. बारांवने कोंबडीकडे बघितले. मग माझ्याकडे बघितले. मग माझ्या हातांकडे बघितले, बंदूक कुठे आहे अशा नजरेने. मग परत माझ्या तोंडाकडे. असे मला आजवर फक्त बँकेच्या मॅनेजरने बघितले आहे.

"शेट, कोंबडी हुती की वो आत," इराप्पा म्हणाला.

"शकुन आहे!" मी ओरडलो. "जिवंत पक्षी निघाला म्हणजे पाण्याचा शकुन. खण!"

शालिनीने अंडी पदरात उचलून पलीकडच्या झुडपात नेऊन ठेवली. कोंबडी काही परत आली नाही. त्यानंतर बारांव त्या कोपऱ्याकडे फिरकलाही नाही. कोणीतरी मला हे लक्षात आणून द्यायला हवे होते. (शालिनीने दिले होते. पण ती रोज इतक्या गोष्टी लक्षात आणून देते!)

खणत गेलो. वर जांभा, खाली पिवळी माती, तिच्याखाली चिकण माती. एक पुरुष झाले, दोन पुरुष झाले. चिकण माती कोरडी ठणठणीत, फावड्याला घंटेसारखी वाजे. पुरसो काठावर बसून रोज म्हणे, "आतां आयलेंच." तीन पुरुष झाल्यावर तो यायचाच बंद झाला. ज्यांना मी कुत्रा नेऊन पाणी दाखवले होते, तेही यायचे बंद झाले. त्यांचे म्हणणे, त्यांच्या खड्ड्यांत पाणी लागले की ते माझ्याकडे येतील. कायद्याने बरोबर होते. मीच तसा सौदा केला होता.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी मी स्वतः खाली उतरलो. बाजूला खाचा मारलेल्या होत्या, त्यांत पाय रोवत गेलो. इराप्पा वर राहिला. तळाशी मातीचा ढीग, त्यावर मी, आणि वर आकाशाचा ताटाएवढा तुकडा. मी भिंतीला हात लावला. कोरडी. कान लावला. विहिरीला मी नेहमी कानानेच ओळखतो.

आवाज आला.

धक्, धक्, धक्. दूरवरून, मातीच्या आतून, थांबत नव्हता. मला आधी वाटले माझेच काळीज. मग कळले. खाणीचा पंप. माझ्याहून कितीतरी खाली, टेकडीपलीकडे, तो पाणी ओढत होता. माझ्या जुन्या विहिरीतले डुबुक् तिकडे चालले होते. पुरसोच्या बहिणीचे, सगळ्या वाड्याचे तिकडेच चालले होते. मी आणखी दहा पुरुष खणले असते, तरी तो माझ्याखालीच राहिला असता.

 वर बघितले तर काठावरून बारांव डोकावत होता. जीभ बाहेर, कान लोंबलेले, मजेत. माझे डोके फिरले. खाणीवर ओरडायचे ते मी कुत्र्यावर ओरडलो. "बघतोस काय भाड्या! ये खाली! ये! तूच दाखवलंस ना? ये, पी पाणी!"

विकत घेतल्यापासून तो कुत्रा माझ्या हाकेला एकदाही आला नव्हता. त्या दिवशी आला.

दोन खाचांवर त्याचे पाय टेकले, तिसरी चुकली. मग एवढाले धूड सरळ माझ्यावर! मातीचा ढीग नसता तर ही गोष्ट शालिनीने लिहिली असती. माझ्या खांद्याचे हाड मोडले. बारांवचा पुढचा उजवा पाय मोडला, तोच, उचलायचा. इराप्पाने आधी कोणाला वर काढायचे म्हणून शालिनीला हाक मारून विचारले.

"कुत्र्याक काढ!" ती वरून म्हणाली. "तेची कायेक चूक नाय!"

त्याला टोपलीत बसवून दोराने वर घेतले. मग तीच टोपली माझ्यासाठी आली. तिच्यात केस होते.

हात गळ्यात बांधून मी ट्रकातून मोरजीला गेलो. चालवायला इराप्पाचा भाऊ, मागे प्लास्टर घातलेला बारांव. कायतान दारापुढच्या बाल्कांवात, ओट्यावर बसला होता. मी सगळी हकिकत सांगितली, रानकोंबडीसकट. तो हसला, हसता हसता खोकला, खोकता खोकता डोळे पुसले. मग बारांवचा पाय त्याला दिसला आणि तो हसायचा थांबला. खाली बसला, प्लास्टरवरून हात फिरवला.

"तो केन्नाच फट उबो रावना, पात्रांव," तो म्हणाला. "सवणें आसल्यार उबो रावता. पक्षी. हांव तेंच सांगतालों. तुवें म्हळें, मोल सांग."

"फसवलंस मला! परत घे तुझा कुत्रा!"

"घेतां. कितल्याक?"

मी किंमत सांगितली. घेतली होती ती, वर उंडे, औषध आणि प्लास्टर धरून. कायतानने अर्धी सांगितली. मी भडकलो. मोडका झाला म्हणून काय अर्ध्या भावात? जातिवंत कुत्रा आहे! तासाभराने मी बारांवला घेऊन परत निघालो.

त्यानंतर मी खाणीवरही गेलो. फाटकावरचा म्हणाला, साहेब नाहीत. साहेब भेटले ते म्हणाले, खड्डा ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणाला, खाण मालकाची. मालकाच्या शहरातल्या कचेरीत सांगितले, जागेवरच्या साहेबांना भेटा. सरकारी कचेरीत गेलो तर तिथले म्हणाले, आता आपले राज्य झाले, रीतसर अर्ज करा. मी जन्मभर भाव केला, पण भाव करायला समोर माणूस लागतो हो! इथे समोर कोणी उभेच राहीना.

पावसाच्या आधी खाणीकडून वाड्यावर टँकर यायला लागला. उपकार म्हणून. पाणी खड्ड्यातलेच, गाळ बसवलेले. म्हणजे माझ्या विहिरीतून निघालेले पाणी खड्ड्यात उतरून, पंपाने चढून, टँकरात बसून मला भेटायला आले! शालिनी माहेरी गेली नाही. हंडा घेऊन रांगेत उभी राहिली, आणि तिच्या मागे मी, एका हाताने बालदी धरून.

बारांवचा पाय वेडावाकडा जुळला. तो खाली टेकतच नाही. गुडघ्यात वाकलेला, वर उचललेला, कायमचा. तो आता तीन पायांवर चालतो आणि दिवसभर, पक्षी असो नसो, काही ना काही दाखवत असल्यासारखा दिसतो. पण टँकर आला त्या दिवशी तो खरोखर उभा राहिला. नाक पुढे, शेपटी ताठ, श्वास धरलेला. टँकरच्या दिशेने, आणि टँकरच्या मागे सरळ रेषेत ती टेकडी. सगळी रांग टेकडीकडे बघायला लागली. पुरसोसुद्धा.

शालिनी म्हणते, टँकरच्या टपावर कावळा बसला होता. असेल. मी वर बघितले नाही. ह्या कुत्र्याच्या नाकासमोरचा पक्षी एकदा न बघता मी विहीर खणली. दुसऱ्यांदा न बघण्याचा मला हक्क आहे!

तेव्हा आता जबाब पाहिजे. माझी विहीर कोणी प्यायली? अर्जावर जबाब आला नाही, फाटकावर मिळाला नाही, ठेकेदाराकडे नाही, मालकाकडे नाही. म्हणून कायतान, तूच दे! गुन्हा तुझा नसेल तर नसो. पण एवढ्या मुलखात दार वाजवल्यावर दार उघडणारा तू एकटाच सापडलास. मी येत्या रविवारी येतो आहे. आणि त्या वाडग्याच्या भोकाचे काय, तेही सांगायचे आहे तुला. दोन्ही हातांनी भांडेन, खांदा आता बरा आहे.